अँटेना वाळूत होती

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं या धाग्यावर मी फक्त वाचत आलोय. लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं... आणि खरं सांगू? इथले निम्मे अनुभव वाचून मी हसायचो. राग मानू नका.

माझं डोंबिवलीला इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे, घर कल्याणला. मूळ गाव शीळफाट्याजवळ, आम्ही तिथले जुने आगरी. लहानपणापासून ऐकत आलोय, अमुक वळणावर बाई उभी असते, तमुक झाडाखालून कोणीतरी हाक मारतं. त्या वळणावरून मी टेम्पोत बॅटऱ्या टाकून इतक्या वेळा गेलोय की ती बाई खरंच असती तर एव्हाना आमची ओळख झाली असती. माझा हिशेब साधा. मीटर लावायचा, काटा हलला तर आहे, नाही हलला तर नाही. बॅटरी असो की भूत.

तर आता जे सांगतोय ते मीटर लावून सांगतोय असं समजा. आणि हो, यात घाबरण्यासारखं काही नाही. ज्यांना रात्री वाचून झोप उडवून घ्यायचीय त्यांनी दुसरा अनुभव शोधा.

मला हॅम रेडिओचा नाद आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — सरकारी परीक्षा देऊन लायसन्स मिळतं, मग घरी स्वतःचा रेडिओ ठेवून जगातल्या कुठल्याही लायसन्सवाल्याशी गप्पा मारता येतात. मोबाईल नको, इंटरनेट नको. एक रेडिओ, एक केबल, आणि गच्चीवर अँटेना. कोणी तोंडाने बोलतं, कोणी मोर्सने, म्हणजे ते डिट-डा, डिट-डा. आमच्या कंपूचा जीव मोर्सवर. याच्या स्पर्धाही असतात, जगभर एकाच शनिवार-रविवारी. जितकी जास्त स्टेशनं गाठाल तितके जास्त पॉइंट. काही टीम तर मुद्दाम एखाद्या बारक्या देशात जाऊन तिथून खेळतात, कारण तिथला सिग्नल आला की अख्खं जग त्याच्यावर तुटून पडतं. याला एक्सपिडिशन म्हणतात. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात चार माणसं, पोतंभर वायरी, आणि एअरपोर्टवर कस्टमवाल्याला समजावणं की साहेब, हे फक्त छंदासाठी आहे.

आम्हाला सगळ्यांना मोर्स शिकवलं गद्रे काकांनी. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहतात, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, आता पंच्याहत्तरीच्या पुढचे. रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये क्लास चालायचा, फुकट. काकू मध्येच पोह्यांच्या बशा आणून ठेवायच्या, आणि काकांचा नियम असा की पोहे मोर्समध्येच मागायचे. 'लिंबू' मागायला मला दोन महिने लागले. माझी आणि सुजाताची — म्हणजे माझ्या बायकोची — ओळख त्याच हॉलमधली. तिचा स्पीड तेव्हाही माझ्यापेक्षा जास्त होता, आजही आहे. ती हे चारचौघांत सांगते.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. मोर्समध्ये प्रत्येकाचा 'हात' असतो, जसं प्रत्येकाचं अक्षर असतं. काका शब्दाचा शेवटचा 'डा' किंचित लांबवतात, एखादा गवई समेवर येताना रेंगाळतो ना, तसं. आम्ही डोळे मिटून सांगू शकतो, हे काका.

पण गेल्या दोन-तीन वर्षांत काकांचे कान गेले. मशीन लावून समोरासमोर बोललेलं समजायचं, तेही अर्धंमुर्धं, अर्धं ओठांवरून. मोर्सचा बारीक सूर मात्र गेलाच. मशीन लावलं तर नुसतं चिरकायचं, काढलं तर शांतता. डॉक्टर म्हणाले, हे परत येणारं नाही. काकांनी क्लास बंद केला. रेडिओवर काकूंनी विणलेलं कव्हर टाकलं.

मालदीवला जायचं ठरलं तेव्हा टीममध्ये तिघं होतो. कॅप्टन प्रशांत सर, ठाण्यात एका कॉलेजात फिजिक्स शिकवतात. सायली, शहाडची, सॉफ्टवेअरवाली, आमच्यातली सर्वांत लहान. आणि मी. सायली म्हणाली, "काकांना नेऊया ना. नुसतं बसतील, समुद्र बघतील. आयुष्यभर जायचंय म्हणत होते यार."

आम्ही टेंभी नाक्यावर गेलो. काकांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मी येऊन काय करू? बहिरा माणूस रेडिओच्या सहलीला. ओझं नुसतं."

काकू आतून आल्या. "घेऊन जा रे यांना. दिवसभर खिडकीत बसून समोरच्यांच्या बाल्कनीतली कबुतरं हाकलतात. तीही आता दाद देत नाहीत."

"काय म्हणते ही?" काकांनी मला विचारलं.

"या म्हणतात," मी मोठ्याने सांगितलं.

"खोटं बोलतोस," काका म्हणाले. पण हसले. आणि आले. सामानात स्वतःची जुनी पितळी की घेतली, म्हणजे मोर्स पाठवायचं ते हाताने दाबायचं बटण. ती कशाला घेतली, आम्ही विचारलं नाही.

बेट म्हणाल तर चालत टोकाला जाऊन परत यावं एवढं. मशीद, शाळा, नारळ, आणि समुद्राला लागून आमचं गेस्ट हाऊस. मालक हसनभाई, हिंदी पिक्चर बघून बघून शिकलेलं हिंदी एकदम झकास. आमच्या वायरी बघून त्यांनी आधी विचारलं, "शूटिंग है क्या?" नाही म्हटल्यावर जरा नाराज झाले, पण नारळावर चढायला माणूस दिला. माझ्या आईचा फोन आला तर तिला एकच चिंता, "पोरा, तकडं मासली बरी गावते कं?" म्हटलं, आये, मासळीशिवाय इथे काही गावतच नाही. काका शाकाहारी, त्यामुळे त्यांचे हाल होतील असं वाटलं होतं. हसनभाईंच्या बायकोने त्यांच्यासाठी रोज डाळ आणि फणसासारख्या कुठल्याशा फळाची भाजी करून दिली, आणि काका ती चवीने खायचे. वाळूत खुर्ची टाकून बसायचे. चेहरा एकदम निवलेला.

अँटेना म्हणजे फायबरची उंच काठी, तिच्यावरून खाली आलेल्या वायरी, आणि काठी उभी राहावी म्हणून चहूबाजूंनी नारळांना बांधलेले दोर. तिथून केबल खिडकीतून आत, रेडिओपर्यंत. एवढंच. ही एकच अँटेना.

स्पर्धा सुरू झाली आणि जग खरंच तुटून पडलं. जपान, इटली, ब्राझील, कोण कोण. आम्ही पाळीपाळीने बसत होतो. पहिल्याच दिवशी प्रशांत सरांनी काकांना खुर्ची दिली. "काका, थोडा वेळ तुम्ही."

काकांनी मशीन काढून टेबलावर ठेवलं, हेडफोन लावला, आवाज पूर्ण वाढवला. आम्ही तिघं मागे उभे. खूप वेळ बसले. पेन्सिल कागदावर टेकलेली, पण एक अक्षर उमटलं नाही. मग हेडफोन काढून नीट ठेवला.

"सगळं एकच वाटतं रे. शेजारच्या घरात मिक्सर लावल्यासारखं." मग सायलीकडे बघून, "बस तू. माझ्यापायी पॉइंट नको जायला."

आणि पुन्हा वाळूत जाऊन बसले. सायलीचे डोळे भरले. ती म्हणाली, "आपण उगाच आणलं का त्यांना?" तिकडून बोलावणारी स्टेशनं थांबत नव्हती, त्यामुळे ती बसली आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशीची दुपार. ऊन कडक, आणि अचानक समुद्रावरून एक वावटळ उठली. मी बाहेर होतो, डोळ्यांनी बघितलं. एका नारळाचा दोर सुटला, काठी वाकली आणि सगळं लटांबर आडवं वाळूत. वायरीचा गुंता, एक जोड तुटलेला.

आता इथे नीट लक्ष द्या. मी धावत आत गेलो आणि पहिलं काम केलं ते अँटेनाची केबल रेडिओच्या मागून सोडवली. कारण आमचे हात वायरींवर असताना आतून कोणी चुकून रेडिओ चालवला तर चटका बसतो. केबलच्या जागी मी डमी लोड लावला. हा म्हणजे पट्ट्या-पट्ट्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा. रेडिओची सगळी पॉवर त्याच्यात जाऊन नुसती गरम होते. हवेत काही जात नाही, आणि हवेतलं काही आत येत नाही. रेडिओ बिघडू नये म्हणून लावायची वस्तू. दुकानात मी रोज वापरतो.

काका खोलीत बसले होते. मी म्हटलं, "काका, अँटेना पडलीय! आम्ही बाहेर आहोत. रेडिओ डमीवर आहे, तुम्हाला हात बसवून बघायचा असेल तर बघा, हरकत नाही!" त्यांनी मान डोलावली. मशीन त्यांच्या कानात नव्हतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आम्ही तिघं आणि हसनभाईंचा माणूस, असे बाहेर भिडलो. गुंता सोडवायचा, जोड पुन्हा करायचा, दोर आवळायचे. वाळू इतकी तापलेली की चप्पल काढायची सोय नाही. प्रशांत सर घड्याळ बघून वैतागलेले. स्पर्धेत असा वेळ गेला की गेलाच.

तेवढ्यात माझा फोन वाजला. कल्याणहून सुजाता. ती घरी आमचा रेडिओ लावून आम्हाला ऐकत बसलेली.

"अरे नीलेश, काय धमाल चालवलीय काकांनी!"

"कसली धमाल?"

"अरे काय कसली! मगाचपासून ऐकतेय. किती सुंदर हात! आणि सिग्नल तर काय, शेजारच्या बिल्डिंगमधून आल्यासारखा. यांना ऐकू येत नाही म्हणत होतात ना तुम्ही?"

मी वायर हातात घेऊन वाळूत बसलेलो. "सुजाता, अगं आमची अँटेना खाली पडलीय. मी तिच्यावरच बसलोय जवळजवळ. आम्ही हवेत नाही आहोत."

ती म्हणाली, "मग हे कोण आहे? थांब, ऐक."

तिने फोन रेडिओच्या स्पीकरला लावला.

मोर्स. स्वच्छ, ठणठणीत. आमच्या एक्सपिडिशनचा कॉलसाईन, म्हणजे स्टेशनचं सरकारी नाव, जो जगात त्या दिवशी फक्त आमच्याकडे होता. आणि शेवटचा 'डा' किंचित लांबवलेला.

मी फोन स्पीकरवर टाकला. प्रशांत सर दोर सोडून जवळ आले. सायली पक्कड हातात घेऊन तशीच उभी. कोणीतरी जपानी स्टेशन बोलावत होतं, त्याला उत्तर गेलं. मग दुसरं. मग तिसरं. गडबड नाही, चूक नाही, जसं टेंभी नाक्याच्या हॉलमध्ये ऐकायचो तसंच.

आम्ही तिघांनी एकदम खिडकीकडे बघितलं. आत काका पाठमोरे बसलेले. उजवा हात पितळी कीवर, वर-खाली, वर-खाली.

"डमी लावला होतास ना?" प्रशांत सरांनी मला हळू आवाजात विचारलं.

"लावलाय."

"बघून ये."

मी आत गेलो. आधी रेडिओच्या मागे वाकलो. अँटेनाची केबल मी सोडली होती तशीच जमिनीवर वेटोळं होऊन पडलेली. रेडिओला डमी लोड जोडलेला. त्याला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. सणसणीत तापलेला. म्हणजे पॉवर जात होती ती सगळी ठोकळ्यातच जात होती. मीटरचा काटा, मघाशी म्हटलं ना, हलत होता, पण सांगत होता की सगळं आतच जिरतंय.

फोन माझ्या हातात चालूच. काकांचा हात खाली जायचा, आणि अर्ध्या क्षणाने फोनमधून, कल्याणहून, तो सूर यायचा. प्रत्येक वेळी.

टेबलावर त्यांचं कानाचं मशीन पडलेलं. म्हणजे कानात काही नाही, फक्त हेडफोन. दोघांना एकदम ऐकता यावं म्हणून आमच्याकडे दुसरा हेडफोन त्याच रेडिओला जोडलेला असतो. मी तो उचलून कानाला लावला.

काही नाही. डमी लोडवर असतो तसा मेलेला, सपाट सूंऽऽ आवाज. एकही सिग्नल नाही.

आणि माझ्या शेजारी, त्याच रेडिओला जोडलेला हेडफोन घालून, काका कागदावर लिहीत होते. एकामागून एक कॉलसाईन. मी फोन दुसऱ्या कानाला धरला. कल्याणला सुजाताच्या रेडिओवर जे स्टेशन बोलावत होतं, तेच नाव काकांच्या पेन्सिलीखाली उमटत होतं. माझ्या एका कानात ते स्टेशन, कल्याणमार्गे. दुसऱ्या कानात, काका ज्यातून ऐकत होते त्याच यंत्रातून, शून्य.

मी बहुतेक काहीतरी बोललो असेन, कारण काकांनी न बघता डावं बोट वर केलं. थांब. क्लासमध्ये कोणी मध्ये बोललं की करायचे, अगदी तस्संच.

मी मागच्या मागे बाहेर आलो. जे बघितलं ते सांगितलं. प्रशांत सर, वीस वर्षं फिजिक्स शिकवणारा माणूस, वाळूत बसले. सायली म्हणाली, "सर, आता अँटेना उभी केली तर?"

"उभी करू," सर म्हणाले. "उभी करायलाच हवी." आम्ही काठी उभी केली, दोर आवळले. सगळं तयार. आता फक्त केबल रेडिओला लावायची. सर माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. दोघांच्या डोक्यात एकच. आत्ता केबल लावली, आणि ते थांबलं तर?

"नको लावूस," सर म्हणाले. "जोवर ते स्वतः थांबत नाहीत तोवर त्या रेडिओला कोणी हात लावायचा नाही."

स्पर्धेत मिनिटामिनिटासाठी आमच्यावर खेकसणारा हा माणूस. सायलीने त्यांना तिथेच मिठी मारली.

फोनवर सुजाता अजून होती. सगळं ऐकत होती. म्हणाली, "मी बोलवून बघू का काकांना?"

"बघ," मी म्हटलं.

आम्ही तिघं खिडकीशी जाऊन उभे राहिलो. फोनमधून सुजाताचा हात ऐकू आला, भरभर, नेहमीसारखा. तिचा कॉलसाईन. आत काकांनी मान वर केली. पेन्सिल खाली ठेवली. त्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. हसले. आणि मग कीवर हात ठेवून त्यांनी जे पाठवलं ते स्पर्धेच्या कुठल्याच नियमात बसत नाही. रोमन अक्षरांत, पण मराठी.

'सुजाता. जेवलीस का.'

फोनमधून सुजाताचा हुंदका आला, हसण्यासारखा. तिने उत्तर पाठवलं, 'हो काका. तुम्ही.'

काका, 'डाळ भात. छान आहे इथे. काकूला सांग.'

हे आम्ही तिघांनी ऐकलं. तिकडे कल्याणला तिने स्वतः ऐकलं आणि स्वतः पाठवलं. इकडे काकांनी तिचं प्रत्येक अक्षर घेतलं. मध्ये अरबी समुद्र, आणि आमच्या बाजूला अँटेना नाही.

हसनभाई चहा घेऊन आले, आम्हाला तिघांना खिडकीला चिकटलेलं बघून थांबले. "क्या हुआ? चाचा ठीक हैं?"

"बहुत ठीक हैं," सायली म्हणाली.

नंतर किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा काकांनी हेडफोन काढला, मान मोकळी केली, मशीन कानात घातलं आणि बाहेर आले. चेहरा ताजातवाना, एखादी चांगली झोप झाल्यासारखा.

"काय बँड उघडला होता रे! अख्खं जग स्वच्छ येत होतं. बऱ्याच वर्षांनी असा ऐकला. हेडफोन बदललात का तुम्ही?"

सायलीने नकारार्थी मान हलवली आणि सरांकडे बघितलं.

"काय झालं?"

प्रशांत सरांनी त्यांना हाताला धरून आत नेलं आणि रेडिओच्या मागची बाजू दाखवली. काका टेलिफोन खात्यातले, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी केबलचं मोकळं टोक हातात घेतलं, उलटसुलट बघितलं. ठोकळ्याला हात लावून बघितला. मग खिडकीतून बाहेर, नुकत्याच उभ्या केलेल्या काठीकडे. मला भीती वाटली की यांना त्रास होईल.

मग त्यांनी केबल माझ्या हातात दिली.

"लाव आता. तुम्हालाही खेळायचंय ना?"

मी केबल लावली. दुसरा हेडफोन जिवंत झाला, जग पुन्हा आलं. सायली बसली. संध्याकाळी प्रशांत सरांनी काकांना पुन्हा खुर्ची दिली. काकांनी हेडफोन लावून बघितला आणि मान हलवली. मिक्सर. पण या वेळी ते वाळूत जाऊन बसले नाहीत. सायलीच्या शेजारी बसून राहिले, तिचा वेग बघत. मधूनमधून "शाब्बास" म्हणत.

परत आल्यावर आम्ही स्वस्थ बसलो नाही. काकांनी गाठलेल्या काही स्टेशनांना प्रशांत सरांनी ईमेल केले, उगाच काही न सांगता, फक्त त्या दुपारबद्दल विचारलं. इटलीतल्या एका आजोबांनी लिहिलं की इतका सुंदर हात बऱ्याच दिवसांनी ऐकला, कोण होतं ते? जपानहूनही तसंच. त्या दुपारचे पॉइंट स्पर्धेत धरायचे की नाही यावर मात्र आमच्यात जोरदार वाद झाला. सायली म्हणाली, डमी लोड वापरू नये असं नियमात कुठे लिहिलंय? शेवटी काकांनीच निकाल दिला. "ते काढून टाका. स्पर्धेसाठी नव्हतंच ते." आम्ही काढले. नंबर काही आला नाही, आणि कोणाला वाईटही वाटलं नाही.

मग मी माझ्या परीने तपास केला. तोच रेडिओ, तोच डमी लोड, तीच की, डोंबिवलीच्या दुकानात मांडली, आणि सुजाताला कल्याणला ऐकायला बसवलं. काही नाही. मग तिला रिसीव्हर घेऊन दुकानाच्या मागच्या गल्लीत उभं केलं. बारीकसं काहीतरी. रस्ता ओलांडला, संपलं. कल्याण सोडा, समोरच्या वडापाववाल्यापर्यंत सिग्नल गेला नाही. ठोकळा उघडून बघितला, चांगला आहे. रेडिओ तपासला, चांगला आहे. प्रशांत सरांनी कागदावर गणितं केली, त्यांच्या ओळखीच्या मोठ्या लोकांना विचारलं. लोक म्हणतात, केबल जवळच पडली होती, तिच्यातून काहीतरी गळालं असेल. ठीक आहे, समजा पाठवताना गळालं. मग ऐकलं कशातून? त्याच रेडिओचा दुसरा हेडफोन माझ्या कानाला होता आणि त्यात काही नव्हतं. आणि काकांचे कान? डॉक्टरांनी आल्यावर पुन्हा तपासले. होते तसेच आहेत.

काका मजेत आहेत. रविवारचा क्लास पुन्हा सुरू केलाय. आता स्पीकरच्या पडद्यावर बोटं ठेवून बसतात आणि थरथरीवरून मोर्स ओळखायला शिकतायत, या वयात. स्पीड अजून कमी आहे. काकू म्हणतात, कबुतरं तेवढी सुटली बिचारी.

मागच्या रविवारी सगळे गेल्यावर मी त्यांना सरळ विचारलं. म्हटलं, काका, तुम्हाला नाही का वाटत कधी, काय झालं असेल त्या दुपारी?

ते बोटं तशीच पडद्यावर ठेवून म्हणाले, "अरे, आलं ऐकू. सगळे भेटले. एवढं पुरे नाही का?"

मला नाही पुरत. मी अजून शोधतोय, तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. पण काकांना मी "हो" म्हटलं.